वाइड रिसीव्हरचा टाइट एंड होताना: पुढची वाट कशी असते

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा मुलगा दहावीत आहे. वय सोळा, उंची ६ फूट ३ इंच, वजन २०५ पौंड. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो आजवर वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेला उभा राहून पास झेलणारा, होता. आता प्रशिक्षकांनी सांगितलंय की पुढच्या हंगामापासून टाइट एंड, म्हणजे समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा, खेळायचं. मुलगा खट्टू झालाय. वडिलांना हा खेळ मुलामुळेच थोडाफार कळू लागलाय, म्हणून त्यांनी विचारलं आहे: ही पदावनती आहे का? या जागेवर व्यावसायिक कारकीर्द होते का? किती वर्षं टिकते, पैसा किती मिळतो, आणि आत्ता घरी आम्ही काय करायचं?

मी टाइट एंडनाच शिकवतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पदावनती मुळीच नाही. सोळाव्या वर्षी ही उंची आणि हे वजन असलेला मुलगा दिसला की कोणत्याही प्रशिक्षकाला तो दोन-तीन वर्षांनी कसा दिसेल याचा अंदाज येतो, आणि २४० पौंडांचा वाइड रिसीव्हर कोणालाच नको असतो. पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. टाइट एंडचं निम्मं काम टीव्हीवर दिसतच नाही. ते काम, म्हणजे समोरच्या जाडजूड गड्याला ढकलणं, तुमच्या मुलाला मनापासून आवडेल का? पुढचं जवळजवळ सगळं यावर ठरतं.

जागा नेमकी कुठली ते समजून घ्या. आक्रमण करणाऱ्या संघाच्या मध्यभागी पाच लाइनमन असतात: सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल. या पाच जणांना पास झेलता येत नाही. टॅकलच्या बाहेर, त्याच्यापासून दोन-तीन फुटांवर, डाव सुरू होतो त्या रेषेवर हात टेकून उभा राहतो तो टाइट एंड. त्याला ब्लॉकही करता येतो आणि पासही घेता येतो, म्हणून बचाव करणाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नाही की हा आता काय करणार. एक बारकावा मात्र पहिल्याच दिवशी शिकावा लागतो. रेषेवरच्या दोन टोकांच्या खेळाडूंनाच पास घेण्याचा अधिकार असतो. त्याच बाजूला बाहेर उभा असलेला वाइड रिसीव्हरही चुकून रेषेवर आला, तर टाइट एंड टोकाचा राहत नाही, त्याच्यावर ‘झाकण’ पडतं. मग तो पाससाठी पुढे धावला की दंड. शाळेच्या पातळीवर हा दंड वारंवार होतो आणि दोष बहुधा टाइट एंडच्या माथी येतो. म्हणून त्याने दर वेळी उभं राहताना बाहेरच्या गड्याकडे एक नजर टाकायची, तो एक यार्ड मागे आहे याची खात्री करायची आणि मगच हात टेकायचा.

या जागेचे ढोबळ दोन प्रकार आहेत. रेषेवर टॅकलला खेटून खेळतो त्याला ‘वाय’ म्हणतात. थोडा मागे किंवा बाजूला सरकून, कधी रिसीव्हरसारखा तर कधी फुलबॅकसारखा (मागे राहून वाट मोकळी करणारा) खेळतो तो ‘एफ’. प्रशिक्षक मैदानावर ‘अकरा’, ‘बारा’ असे आकडे ओरडताना ऐकलं असेल. त्यातला पहिला अंक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) किती ते सांगतो आणि दुसरा टाइट एंड किती ते. ‘अकरा’ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड आणि तीन रिसीव्हर. ‘बारा’ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड, दोन रिसीव्हर. व्यावसायिक संघांचा सर्वाधिक वेळ बरीच वर्षं ‘अकरा’त गेला. तो रोखण्यासाठी बचावफळ्या हलक्या आणि चपळ झाल्या. आता त्या हलक्या फळ्यांना दाबायला काही संघ पुन्हा जास्त टाइट एंड उतरवतायत. २०२५च्या हंगामात लॉस एंजेलिस रॅम्सनी तीन-तीन टाइट एंड एकत्र उतरवण्यावर भर दिला. तुमच्या मुलाच्या वयाच्या खेळाडूसाठी ही चांगली बातमी आहे, कारण जागा वाढतात. पण वाढलेल्या त्या जागा ब्लॉक करणाऱ्यांसाठी असतात.

आता ब्लॉकिंग. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण रिसीव्हरकडून आलेला मुलगा इथेच अडखळतो. समोर डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाचा गडी असतो, कॉलेजात २५० ते २७० पौंडांचा, आणि त्याला ढकलायचं असतं ते ताकदीपेक्षा कोनाने आणि पावलांनी. तीन टेकूंचा पवित्रा घ्यायचा: पाय खांद्याएवढे रुंद, एक पाय किंचित मागे, एक हात जमिनीवर, पाठ सपाट, पार्श्वभाग खांद्यांपेक्षा जरासा वर. जमिनीवरच्या हातावर जास्त भार द्यायचा नाही. भार पुढे गेला की बचावपटूला बोटांचे पांढरे पडलेले पेर दिसतात आणि हा धावण्याचा डाव आहे हे तो ओळखतो. पहिलं पाऊल जेमतेम सहा इंचांचं. दुसरं पाऊल जमिनीला टेकलेलं असतानाच टक्कर व्हायला हवी. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच असते की पहिलं पाऊल दीड फुटाचं पडतं, टक्कर होते तेव्हा एक पाय हवेत असतो आणि समोरचा नुसता खांदा वळवून त्याला लोळवतो. हात आतून, छातीच्या पाटीवर, अंगठे वर आणि कोपरं बरगड्यांजवळ. हात बाहेरून खांद्यांवर गेले की जर्सी पकडली जाते आणि होल्डिंगचा दहा यार्डांचा दंड बसतो. टकरीनंतर कंबर पुढे आणायची आणि पावलं छोटी-छोटी पण न थांबता चालू ठेवायची. कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल: ज्याची कंबर खाली, त्याचा जोर वर.

डावागणिक पाऊल बदलतं. बचावपटू आतल्या बाजूला असेल तर ‘डाउन ब्लॉक’: आतल्या पायाने तिरकं पाऊल टाकून त्याच्या पुढून डोकं न्यायचं, म्हणजे तो आत घुसू शकत नाही. तो बाहेर असेल आणि बॅकला बाहेरून न्यायचं असेल तर ‘रीच ब्लॉक’: बाहेरच्या पायाने आडवं पाऊल आणि नेम त्याच्या दूरच्या काखेवर. हा सगळ्यात अवघड ब्लॉक आहे, वर्षभरात जमला तरी पुष्कळ. तिसरा टॅकलसोबतचा दुहेरी ब्लॉक. दोघांनी मिळून एकाला मागे रेटायचं, आणि मागचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) ज्याच्या बाजूला येईल त्याने सुटून त्याला गाठायचं. यात चूक अशी होते की टाइट एंड घाई करून लवकर सुटतो आणि टॅकल एकटा पडतो. नियम साधा ठेवा: लाइनबॅकर तुमच्याकडे येईपर्यंत खांद्याला खांदा सोडायचा नाही. चौथा ‘सिफ्ट’, म्हणजे रेषेमागून आडवं धावत दुसऱ्या टोकाच्या गड्याला अडवणं. इथे वेग लागतो, म्हणून रिसीव्हरमधून आलेल्या मुलाला तो लवकर साधतो. प्रशिक्षकांनी त्याला पहिल्यांदा हाच द्यावा असं मला वाटतं, आत्मविश्वास येतो.

सरावासाठी महाग साधनं लागत नाहीत. एक फूट रुंदीची, आठ फूट लांबीची फळी जमिनीवर ठेवायची, तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं आणि समोर पॅड धरलेल्या माणसाला रेटत शेवटपर्यंत जायचं. पाय फळीवर पडला तर पवित्रा अरुंद झाला. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दहा-बारा दमदार धडका पुरेत. त्यापेक्षा जास्त केल्या की दमून पवित्रा उंचावतो आणि चुकीचीच सवय लागते. डोकं कधीही खाली घालायचं नाही. नजर वर, मान सरळ. हे तंत्रापुरतं नाही, मानेच्या मणक्याचा प्रश्न आहे. घरी याच एका गोष्टीची आठवण करून देत राहा.

पास घेण्याबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या मुलाला त्यातलं बरंच येतं. फरक दोन. रिसीव्हरला सुटायला मोकळी जागा मिळते, टाइट एंडला पहिल्या पावलावरच कोणीतरी धक्का देतो. टेक्सासच्या सरकारी शाळा एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) नियमांनी खेळतात, आणि त्या नियमांत चेंडू हवेत जाईपर्यंत असा धक्का बऱ्याच अंशी चालतो. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, पाच यार्डांपलीकडे तो चालत नाही. म्हणजे सुटण्याची कसरत आत्ताच जास्त कठीण आहे. बचावपटूच्या हातांवर खालून हात फिरवून खांदा निसटवायचा आणि लगेच आपल्या वाटेवर (पाससाठी ठरवून दिलेल्या धावण्याच्या मार्गावर) परत यायचं. दुसरा फरक डोक्याचा आहे. टाइट एंड मधल्या पट्ट्यात धावतो, त्यामुळे मागे सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) एक आहे की दोन हे धावताधावता वाचावं लागतं. एक सेफ्टी मध्यभागी असेल तर ‘शिवणीवर’, म्हणजे मध्य आणि कड यांमधल्या पट्ट्यात, सरळ राहायचं, त्याच्यापासून लांब. दोघं बाजूंना असतील तर मध्य मोकळा असतो, मग वाट आत वळवायची. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) आणि टाइट एंड दोघांनी तेच वाचलं तर चेंडू जागेवर येतो. एकाने चुकीचं वाचलं तर तो थेट सेफ्टीच्या हातात जातो. म्हणूनच या जागेवर पिकायला वेळ लागतो. व्यावसायिक संघात टाइट एंडला धावण्याच्या डावांचे नियम लाइनमनसारखे, पासच्या वाटा रिसीव्हरसारख्या आणि क्वार्टरबॅकच्या संरक्षणाची मांडणीही माहीत असावी लागते. क्वार्टरबॅक सोडला तर इतकं पाठांतर फार थोड्यांना असतं.

याचा पुरावा कारकिर्दींतच दिसतो. जॉर्ज किटल आयोवा विद्यापीठातून २०१७मध्ये व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) पाचव्या फेरीत, १४६व्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्या वर्षी पास झेलून ५१५ यार्ड, दुसऱ्या वर्षी १,३७७. ट्रॅव्हिस केल्सी शाळेत क्वार्टरबॅक होता. २०१३मध्ये तिसऱ्या फेरीत ६३वा आला, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पहिल्या हंगामात एकच सामना खेळला, आणि नंतर २०१६ ते २०२२ सलग सात हंगाम हजाराहून अधिक यार्ड. टोनी गोन्झालेझला १९९७मध्ये पहिल्या फेरीत घेतलं होतं, तरी पहिल्या वर्षी ३३च झेल. सतरा वर्षांनी निवृत्त झाला तेव्हा ते १,३२५ झाले होते. अँटोनियो गेट्सने केंट स्टेटकडून बास्केटबॉल खेळलं, २००३मध्ये त्याला कोणीच निवडलं नाही, तो तसाच चार्जर्स संघात दाखल झाला आणि ११६ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण) केले, टाइट एंडमध्ये सर्वाधिक. ब्रॉक बॉवर्ससारखा मुलगा २०२४मध्ये पहिल्याच वर्षी ११२ झेल घेतो, पण तो अपवाद आहे. त्याच्याकडे बघून तुमच्या मुलाने स्वतःचं वेळापत्रक बनवू नये.

दुसरीकडून येऊन इथे स्थिरावलेलेही बरेच आहेत. डॅरेन वॉलर २०१५मध्ये वाइड रिसीव्हर म्हणूनच निवडला गेला होता. उलट वाटही आहे: जेसन पीटर्स २००४मध्ये टाइट एंड म्हणून आला, तिथून त्याला टॅकल केलं आणि तो नऊ वेळा प्रो बोलसाठी (वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवडला गेला. शरीर वाढतच गेलं तर जागा पुन्हा बदलू शकते, ही तयारी मनात असू द्या.

शरीराबद्दल. व्यावसायिक टाइट एंड बहुधा ६ फूट ३ ते ६ फूट ६ इंच आणि २४० ते २६० पौंडांचा असतो. तुमच्या मुलाला शाळा संपेपर्यंत २२५च्या आसपास यायचं आहे, म्हणजे साधारण महिन्याला पाऊण-एक पौंड. याहून जास्त घाई केली तर चरबी वाढते. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दहा यार्ड धावण्याची वेळ. दर महिन्याला एकाच मैदानावर, एकाच बुटात मोजा. वजन वाढलं आणि वेळ तशीच राहिली तर वाढ योग्य. वेळ पाच-सहा शतांश सेकंदांनी वाढली तर खाणं आवरा. ९३ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १५० ते १८० ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या घरांत इथेच गफलत होते. आई भरपूर खायला घालते, पण त्यात पोळी-भात जास्त आणि वाटीभर पातळ वरण. अशा वाटीत प्रथिनं फार थोडी असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये तीसेक. शाकाहारी असाल तरी जमतं, पण हिशोब लिहून ठेवावा लागतो: सकाळी दूध-दही, दुपारी पनीर किंवा टोफू, संध्याकाळी सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा दूध, रात्री घट्ट उसळ. वर दिवसाला तीनेकशे कॅलरी जास्त, बस. क्रिएटिन आणि तत्सम डब्यांच्या मागे अठरा वर्षांच्या आत लागू नका. झोप आठ ते दहा तास. अभ्यासासाठी रात्री एक वाजेपर्यंत जागून पहाटे साडेपाचला व्यायामशाळेत जाणारा मुलगा वाढत नाही, दुखापत मात्र करून घेतो.

कॉलेजकडे जाण्याचा रस्ता आकड्यांनी पाहू. अमेरिकेत शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात आहेत. त्यातून कॉलेजात थोडीच पोहोचतात, आणि कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी व्यावसायिक निवडीत जातात ते शंभरात एक-दोन. म्हणून अभ्यास ही पर्यायी योजना मानू नका, ती खेळाचीच अट आहे: एनसीएएच्या पहिल्या श्रेणीसाठी १६ मूलभूत विषय आणि किमान २.३ ग्रेड सरासरी लागते, आणि त्यातले दहा विषय बारावी सुरू होण्याआधी पुरे करावे लागतात. पुष्कळांचं गाडं इथेच अडतं, कारण आठवण करून देणारं कोणी नसतं. शाळेच्या समुपदेशकाकडून ही यादी या महिन्यातच मागून घ्या. खेळाची चित्रफीत तीन-चार मिनिटांची असावी, आणि पहिल्या पाच तुकड्यांत निदान तीन ब्लॉक असावेत. झेलांच्या फिती सगळेच पाठवतात. ज्या मुलाने पहिलाच तुकडा ब्लॉकचा ठेवलाय, त्याची फीत टाइट एंडचा प्रशिक्षक शेवटपर्यंत बघतो.

कॉलेज निवडताना नाव बघू नका, तो संघ टाइट एंडला वापरतो का ते बघा. चार रिसीव्हर पसरून खेळणाऱ्या मोठ्या नावाच्या संघात तुमचा मुलगा चार वर्षं बाकावर बसेल. आयोवा हे काही सर्वांत श्रीमंत विद्यापीठ नाही, पण डॅलस क्लार्क, किटल, सॅम लापोर्टा तिथून आले, आणि २०१९मध्ये टी. जे. हॉकेन्सन आणि नोआ फँट हे दोघे तिथून एकाच पहिल्या फेरीत निवडले गेले. कारण तिथे दोन टाइट एंड घेऊन खेळतात आणि ब्लॉक शिकवतात. भेटीला जाल तेव्हा विचारा: मागच्या हंगामात ‘बारा’त किती डाव खेळलात? उत्तर टाळाटाळीचं आलं तर तेच उत्तर समजा.

व्यावसायिक लीगमध्ये शाळा संपल्यावर तीन वर्षं होईपर्यंत निवडीला पात्र होता येत नाही. निवड सात फेऱ्यांची असते. निवडलेल्याला चार वर्षांचा करार मिळतो, न निवडलेल्याला बहुधा तीन वर्षांचा. शिबिरात ९० जण असतात, ऑगस्टअखेर ते ५३वर येतात. त्या ५३त टाइट एंड साधारण तीन, म्हणजे ३२ संघ मिळून सारा देश शंभरेक जागांसाठी झगडतो, शिवाय सराव पथकातले (संघासोबत सराव करणारे राखीव) काही. आता यातल्या तिसऱ्या टाइट एंडचं काम काय ते पाहा: त्याला सामन्यात फार थोडे पास मिळतात. तो टिकतो तो पंट (चेंडू लाथेने दूर धाडणं) करणाऱ्याचं रक्षण करणाऱ्या रांगेत, किकऑफच्या (खेळ सुरू करणाऱ्या लाथेच्या) पथकात, फील्ड गोलच्या (लाथ मारून गुण घेण्याच्या) वेळी कडेला उभा राहून. २०२४पासून किकऑफचा नियम बदलला, आता दोन्ही संघांचे बरेच खेळाडू जवळ उभे असतात आणि चेंडू पडेपर्यंत हलायचं नसतं. अशा आखूड अंतराच्या टकरीत टाइट एंडच्या अंगकाठीचा माणूस उपयोगी पडतो. शाळेतच त्याने या पथकांत हात वर करून जागा मागावी.

पैशाचं चित्र २०२५च्या आकड्यांत देतो. पहिल्या वर्षाचा किमान पगार ८,४०,००० डॉलर. सराव पथकात आठवड्याला १३,०००, म्हणजे पूर्ण अठरा आठवडे टिकला तर २,३४,०००. पण तिथे दर मंगळवारी काढून टाकण्याची टांगती तलवार असते, आणि तीन आठवडे टिकलेला माणूस ३९,०००वरच घरी जातो. किमान पगारातूनही केंद्राचा कर, ज्या-ज्या राज्यांत सामने झाले तिथला कर आणि एजंटचे तीन टक्क्यांपर्यंत जातात. हाती निम्म्याच्या आसपास राहतं असं धरून चाला. शिखरावर, २०२५मध्ये किटल आणि ट्रे मॅकब्राइड यांनी चार वर्षांसाठी वर्षाला सुमारे १.९ कोटी डॉलरचे करार केले. त्याच वर्षी वाइड रिसीव्हर जामार चेसला वर्षाला चार कोटींहून अधिक मिळाले. ही तफावत खरी आहे, आणि तिच्यावरून भांडणही झालंय. २०१४मध्ये जिमी ग्रॅहमने म्हटलं की मी बहुतेक वेळ रिसीव्हरसारखा बाहेर उभा राहतो, तेव्हा मला रिसीव्हरचा दर द्या: १.२३ कोटी, टाइट एंडचे ७०.५ लाख नव्हे. लवादाने निर्णय त्याच्या विरोधात दिला. टॅकलपासून चार यार्डांच्या आत उभा राहतोस, म्हणजे तू टाइट एंडच. पैशाच्या दृष्टीने जागेचं नाव किती महाग पडतं ते यात दिसतं. तरीही रिसीव्हर म्हणून कोणालाच न हवा असलेला मुलगा टाइट एंड म्हणून हवाहवासा होत असेल, तर तुलना चार कोटींशी करायची नसते, शून्याशी करायची असते.

कारकिर्दीची लांबी: सर्व जागा धरून लीगमधली सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास मानली जाते. आणि हा आकडा महत्त्वाचा का, तर निवृत्तिवेतन आणि खेळणं थांबल्यावरचा पाच वर्षांचा आरोग्यविमा मिळायला तीन मान्य हंगाम लागतात. मान्य हंगाम म्हणजे किमान तीन सामन्यांएवढा काळ पूर्ण पगारावर. सराव पथकातला काळ यात धरला जात नाही. म्हणून दोन वर्षं झालेल्या खेळाडूला आम्ही सांगतो की दुसऱ्या संघाच्या सराव पथकात जास्त आठवडे मिळत असले, तरी जिथे ५३त येण्याची शक्यता आहे तिथे जा. चौथं वर्ष पार केलेला, ब्लॉक करता येणारा टाइट एंड मात्र तिशी ओलांडूनही सहज टिकतो. वेग गेला तरी कोन आणि हात राहतात. नुसता झेलणारा तसा टिकत नाही.

दुखापतींवर मी काहीही मऊ करून सांगणार नाही. घोट्याची वरची मुरगळ, गुडघ्याचे अस्थिबंध, खांद्याच्या सांध्याची कड, बोटं, आणि डोक्याचा मार. टाइट एंड मोठा असल्याने आणि डोक्याला मारणं नियमबाह्य असल्याने लहान चणीचे बचावपटू पायांवर येतात. २०१३मध्ये रॉब ग्रॉन्कोव्स्कीचा गुडघा असाच गेला. अनेक शस्त्रक्रिया झालेला तो माणूस नंतर २०१९मध्ये २९व्या वर्षी निवृत्त झाला आणि वर्षभराने परत आला. मागून लोंबकळून खाली बसणारी ‘हिप-ड्रॉप’ पकड २०२४मध्ये लीगने नियमबाह्य ठरवली. लाइनमन आणि लाइनबॅकरांबरोबर टाइट एंडनाही २०२२पासून शिबिरात हेल्मेटवर मऊ टोपी सक्तीची झाली, कारण दर डावाला डोकं थोडंथोडं आदळणाऱ्यांत हेही येतात. या जागेचं रूप ज्याने बदललं तो जॉन मॅकी उतारवयात स्मृतिभ्रंशाने गेला. माजी खेळाडूंच्या अशा शुश्रूषेसाठी २००७मध्ये सुरू झालेल्या योजनेला त्याच्या जर्सीचा क्रमांक दिलाय, ८८. तुमच्या मुलाने डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, चिडचिड होतेय असं सांगितलं, किंवा तुम्हाला तसं दिसलं, तर त्या आठवड्यात तो खेळणार नाही, प्रशिक्षक काहीही म्हणोत. हा निर्णय घरचा आहे, तो आत्ताच तिघांनी बसून ठरवून ठेवा.

आता पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. जागा बदलू द्यावी का? माझं मत हो, तीन गोष्टी जुळत असतील तर: ब्लॉक शिकवायला संघात खास माणूस आहे, मुलाच्या पासच्या वाटा पूर्ण काढून घेतलेल्या नाहीत, आणि वजन वाढवण्याची घाई कोणी करत नाहीये. यापैकी एखादी गोष्ट तुमच्या शाळेच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. लहान शाळेत टाइट एंड हा सहावा लाइनमनच असतो, आणि मग झेलांचा सराव उन्हाळ्यातल्या सात जणांच्या सामन्यांत भरून काढावा लागतो. फ्लॅग फुटबॉल २०२८च्या ऑलिंपिकमध्ये येतंय म्हणून बरेच पालक तिकडे वळवायचं विचारतात. तो पाच जणांचा, बिनटकरीचा खेळ आहे, त्यात टाइट एंड नसतोच. हात आणि वाटा सुधारायला उत्तम, पण या जागेची तयारी त्यातून होत नाही.

प्रशिक्षकांना भेटायला जाल तेव्हा मुलालाही न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. वसंतातल्या सरावात मी रोज किती वेळ लाइनमनसोबत आणि किती वेळ रिसीव्हरसोबत असेन? मला ‘वाय’ खेळवणार की ‘एफ’? पहिल्या सामन्यापर्यंत मला कोणते दोन ब्लॉक पक्के यायला हवेत? उत्तरं वहीत लिहून आणा आणि इथे टाका. त्यावरून उन्हाळ्याचं आठवड्यागणिक वेळापत्रक मी लिहून देतो.